मामांच्या डॅकची बिनविरोध परीक्षा

मांडवगण फराटा,
गुरुवार

तीर्थरूप हौसराव मामांना जयसिंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आणि मामींची शुगर दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही मजेत आहोत. रविवारी तुमचा सत्यजीत गाण्याचं ते यंत्र, म्हणजे तुमचा डॅक, परत न्यायला येणार, हा निरोप मिळाला. त्याआधी काही गोष्टी तुमच्या कानावर घालायच्या आहेत. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून आमच्या विक्रमच्या हाती हे पत्र देतोय.

तुमचा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला गेला तेव्हा तुम्ही महिन्याच्या बोलीवर डॅक माझ्याकडे ठेवलात, त्याला आता पाच महिने झाले. (डायरीत पाहिलं. खरं तर साडेपाच.) देताना तुम्ही म्हणाला होता, "तुझ्या त्या काडेपेटीएवढ्या डॅकची आन् याची बरोबरीच न्हाई." मी शिक्रापूरच्या कारखान्यात वीस वर्षं क्वालिटी तपासतोय. मोजल्याशिवाय मी कुणाचं मान्य करत नाही, मामांचंही नाही. म्हणून आधी दोन्ही यंत्रं नीट समजून घेतली.

मोबाईलमध्ये गाणं नसतंच, नुसते आकडे असतात, सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर. त्या आकड्यांचा विजेचा चढउतार करून देणं एवढंच डॅकचं काम. तुमचा डॅक शिडीचा. त्यात रेझिस्टरांची उतरंड असते आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या निम्म्या वजनाची, म्हणजे किलो, अर्धा किलो, पाव किलो, असं थेट गुंजेपर्यंत. आकडा येईल तशी वजनं पारड्यात पडतात. पण किलोचं वजनच केसभर चुकलं तर गुंजेची अचूकता काय चाटायची? म्हणून ते रेझिस्टर एकेक निवडून जुळवावे लागतात आणि म्हणूनच ते यंत्र महाग. माझी काडेपेटी वजनं वापरत नाही. तिच्यातली चिप सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते आणि पुढची गाळणी त्याची सरासरी काढते. ठिबकमधून पाणी थेंबाथेंबानं पडतं, उसाला मात्र ओल सलग मिळते, तसंच हे. दोन वाटा वेगळ्या, पण दोन्ही नीट बांधलेल्या असतील तर मुक्काम एकच, असं माझं ठाम मत झालं.

मत झालं म्हणून मी थांबलो नाही. शनिवारी आमच्या भजनी मंडळातल्या सात जणांना घरी बोलावलं. आवाजाची पातळी मल्टिमीटर लावून दोन्हीकडे सारखी केली, कारण जो जरा मोठ्यानं वाजतो तोच सगळ्यांना चांगला वाटतो. (ग्रामसभेतही हेच होतं.) यंत्रांपुढे चादर बांधली आणि चादरीमागे तुमच्या भाचेसुनेला, अनिताला बसवलं. कोणतं यंत्र कधी वाजलं हे फक्त तिच्या वहीत.

पहिल्या फेरीत घोळ झाला. मंडळात सगळ्यात वडीलधारे पोपटआप्पा, पखवाज तेच वाजवतात. एक अभंग दोनदा ऐकून ते म्हणाले, "पयलंच चांगलं. दुसऱ्यात पखवाज पोत्यावर वाजिवल्यावानी वाटतोय." आप्पा बोलल्यावर बाकीच्या सहाही जणांनी माना डोलावल्या. मामा, त्या फेरीत मी अनिताला एकच यंत्र दोनदा वाजवायला सांगितलं होतं! (मुद्दाम. कारखान्यातही आम्ही तपासणाऱ्याची अशी तपासणी करतो.) हे आप्पांना सांगायचा धीर मला झाला नाही, याची नोंद डायरीत आहे.

दुसऱ्या फेरीला दोन्ही डॅक वाजवले आणि चांगला पहिला की दुसरा ते लिहायला मी चिठ्ठ्या वाटल्या. आप्पा चिडले. "चिठ्ठ्या कशापायी रं? सोसायटीगत बिनविरोध करून टाकू की! उगं गावात दोन पार्ट्या कशाला?" त्यांना समजावण्यात अर्धा तास गेला आणि दोनदा चहा झाला. शेवटी निकाल असा: तुमच्या डॅकला तीन, माझ्याला तीन आणि एका चिठ्ठीवर "साखर कमी होती" एवढंच. आठवी चिठ्ठी माझी. ती मोजली नाही, कारण माझा यात संबंध येतो. सात जण म्हणजे फार नव्हेत, तेही मान्य. तरी पूर्ण जबाबदारीनं लिहितो की दोन्ही डॅकमध्ये कानाला कळेल असा फरक नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा भाचा,
जयसिंग

ता. क. फरक नाहीच, तर सत्यजीतला उगाच जड ओझं कशाला? त्याच्याकडे माझी काडेपेटी देतो, खिशात मावते. तुमचा डॅक राहू द्या इथंच.

ता. ता. क. पत्र अनितानं वाचलं. म्हणाली, "फरकच नाही, तर तुम्हाला मामांचाच कशाला पाहिजे? तुमची चिठ्ठी दाखवा बरं." दाखवावी लागली. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: "दुसरा. हा मामांचाच, शंका नाही." तिनं वही उघडली. दुसरा माझा होता.

म्हणजे तुमचं यंत्र समजून मी माझ्याच यंत्राला मत दिलं. यावर रात्रभर सगळ्या बाजूंनी विचार केला. माझ्या कानांचा निकाल मला मान्य नाही. मामा, परीक्षा पुन्हा घेतो, सत्यजीतला रविवारी पाठवू नका.