दादाचे रक्त आणि माझा अर्धा वाटा

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा परांची बांधण्याचा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि पोटभर जेवून हे लिहून ठेवतो. कोणाची जबरदस्ती नाही. मुकादमाने फक्त फॉर्म दिला. त्यात वारसासाठी एकच ओळ होती, तेवढ्यात आमचे घर मावेना, म्हणून हा वेगळा कागद.

कारण असे. कंपनीच्या तपासणीत माझे कोलेस्टेरॉल फार वाढलेले निघाले. डॉक्टरांनी विचारले, "वडील कशाने गेले?" म्हटले, "छातीत कळ येऊन, बेचाळिसाव्या वर्षी." ते म्हणाले, "मग तळलेलं, लोणी, चरबीचं मांस कमी कर." मी जास्तीचा शहाणा. सगळेच बंद केले. आठवडाभर काकडी आणि पाणी. आठव्या दिवशी सहाव्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, पट्टा होता म्हणून नुसता लटकलो. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "अरे, तेल कमी करायला सांगितलं होतं, जेवण नाही." मुकादम म्हणाला, "आधी वारस लिही, मग वर चढ." फॉर्म त्याच दिवशी भरला, हा कागद लिहायला मात्र तीन महिने गेले.

१. माझे पाने, हातोडी आणि पट्टा उंटाला द्यावे. उंट म्हणजे खोलीतला माझा सोबती, उंचीवरून हे नाव पडले. आमच्या खोलीत ज्याची स्वयंपाकाची पाळी असे तो तळणीचे उरलेले तेल बरणीत भरून पुढच्याला देई, पार काळे होईपर्यंत. ती बरणी उंटाने बंद केली. आता सहाही जण ओट्स, उकडलेली कडधान्ये, भाज्या आणि फळे खातात. "तुझ्यापायी आम्ही रवंथ करायला लागलो," म्हणतो, पण ताट पुसून खातो. तीन महिन्यांत माझा आकडा चांगलाच उतरला. रोज एक गोळीही आहे. हे बाबांकडून आलेले असल्याने नुसत्या जेवणावर भागणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

२. बँकेत असेल ते आईचे. तिने ते दादाच्या दुकानात घालू नये.

३. दादाने माझी सायकल मला न विचारता विकली. माफ केलेले नाही, पण इथे धरत नाही.

४. घरातला माझा अर्धा वाटा, म्हणजे रस्त्याकडची खोली, दादाला दुकानासाठी हवी आहे. ती वहिनीच्या नावे करावी. दादाने रक्त तपासून रिपोर्ट तिच्या हातात दिला, की तिने ती दादाला द्यावी. फोनवर तो म्हणतो, "मी काडीसारखा बारीक, मला कसलं आलंय कोलेस्टेरॉल?" दादा, बाबाही बारीकच होते. मी तेव्हा सात वर्षांचा होतो, म्हणून मला बाबा तुझ्याच चेहऱ्याचे आठवतात. पुढच्या वर्षी तू बेचाळीसचा होशील.

५. वरचे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही. कागद पोचेल त्या दिवशी वहिनीने तो दादाला जेवताना मोठ्याने वाचून दाखवावा. तो उठून गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावा. मला मरायची घाई नाही, इथे माझे बरे चालले आहे. दादा, रिपोर्ट दाखव, खोली तुझी. सही करायला मी स्वतः येईन, आणि हा कागद तूच फाड.

सही: तुझा धाकटा

साक्षीदार: उंट (वाचून दाखवले, मान्य आहे, हातोडीचा दांडा बदलून हवा म्हणतो)

साक्षीदार: दवाखान्यातली सिस्टर (तिने स्वतः लिहिले: "तपासणीआधी उपाशी राहायचं का, ते तिथे विचारून जा.")

ठिकाण: कामगारांची खोली, तिसरा मजला

तारीख: १४ मार्च, सुट्टीचा वार