दाराजवळची जमीन

प्रिय ठमाबाई,

फोनवर तू दर वेळी विचारतेस, बाबा, काय चाललंय, आणि मी दर वेळी म्हणतो, काही नाही गं, गाडीचं काम. एवढं बोलून फोन तुझ्या आईच्या हातात देऊन मोकळा होतो. आज म्हटलं, बसून नीट लिहावं. इतके दिवस मशीन धरून हाताला कंप सुटलाय, त्यामुळे अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला झालंय. वाचता येईल तेवढं वाच.

आपल्या मोटरहोमची सगळी जमीन उखडून नवी घातली. तीन आठवडे लागले. कंबरेचा पार भुगा झालाय. वरचं व्हिनाइल सोलून काढताना वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे. कसले दोन दिवस! गाडी बांधणारे लोक आधी जमीन घालतात आणि मग तिच्यावर कपाटं, ओटा, पलंग सगळं ठोकतात, म्हणजे जुना प्लाय काढायचा तर एकेका कपाटाच्या पायाशी गुडघ्यावर बसून, पटाशीने कोरत कोरत काढायचा. दाराजवळ तर कोरावंही लागलं नाही. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा प्लाय हातात आला. पायरीवरच्या खिडकीची रबरी पट्टी सुटली होती, तिथून पावसाचं पाणी भिंतीच्या आतून खाली झिरपत होतं. शेजारचे सुतारकाका बघायला आले, एक तुकडा नाकाशी धरून म्हणाले, हे काही चार महिन्यांचं कुजणं नाही, दोन वर्षं तरी पाणी मुरलंय, तुम्हाला कळलं कसं नाही? मी म्हटलं, घेतली तेव्हापासूनच तशी असेल. काकांनी तो तुकडा परत माझ्या हातात ठेवला.

तुला वाटेल, या वयात हा उपद्व्याप कशाला. तुझ्या आईला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, पडून मोडलेलं हाड केव्हाच जुळलंय, पायात ताकद आहे, पण यांना स्वतःच्या पायांचा भरवसा राहिलेला नाही. त्यांना जिथे जावंसं वाटतं अशा जागेपासून सुरुवात करा. आता तुझ्या आईला गाडीइतकी आवडती जागा दुसरी कुठली? माझं माहेर म्हणायची ती गाडीला, कारण तिथे चहा मी करायचो आणि भांडीही मीच घासायचो. पडदे तिने शिवलेले, उशांचे अभ्रे तिचे. त्या माहेरी ती दहा महिन्यांत फिरकलेली नाही. अंगण ओलांडायला वीस पावलं लागतात. ती खिडकीशी खुर्चीत बसते आणि तिथून माझ्यावर देखरेख करते.

एक गंमत झाली, ती सांगतो. पुठ्ठ्याचा साचा कापून मी नव्या मरीन प्लायवर आखला. चाकाच्या उंचवट्याची खाच वगैरे अगदी मापात. कापून आत नेला तर खाच भलत्याच बाजूला! साचा उलटा ठेवून आखला होता मी. पस्तीस वर्षं लिफ्टची देखभाल केलेल्या माणसाने, बघ. तो आख्खा तुकडा डोक्यावर घेऊन मी बाहेर आलो, तर तुझी आई खिडकीतून हसतेय. पोट धरून हसली गं. असं हसताना तिला कधी पाहिलं होतं, आठवेना. मला इतका आनंद झाला की मी तो तुकडा डोक्यावर घेऊन आणखी एक चक्कर मारली. मग तिला म्हटलं, ये की बघायला. ती उठली. दारापर्यंत आली, चौकट धरली, आणि तिथेच थबकली. म्हणाली, नको, पुन्हा चक्कर आली तर? आणि परत जाऊन बसली.

हे चक्करेचं काय करावं सांग. तुला चौथा महिना चालू असताना तू धावत आलीस, आठ दिवस तिला घेऊन दवाखाने पालथे घातलेस. कान झाले, रक्तदाब झाला, डोक्याचे फोटो झाले. काही म्हणजे काही निघालं नाही. गोळ्या वेळेवर घेत नाही म्हणून तू तिला बोललीस, आणि ती बिचारी गप्प ऐकून घेत होती. आता ती न्हाणीघराला कडी लावत नाही. गॅसपाशी उभी राहत नाही. गेल्या महिन्यात तू बाळाला तिच्या मांडीवर ठेवायला गेलीस आणि तिने हात मागे घेतले, तेव्हा तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. जाताना तू मला विचारलंस, आईला नात नको होती का? बाळाला ती रोज फोनवर बघते ठमे, फोन ठेवल्यावर रडते. तिला वाटतं, आपल्या हातून पडेल.

आता जे लिहायचंय त्यासाठीच कागद घेऊन बसलो, आणि तीन पानं भलतंच लिहीत राहिलो. तुझ्या आईला चक्कर आली नव्हती. दाराजवळची जमीन दबते हे मला ती पडायच्या आधी वर्षभर माहीत होतं. पाय ठेवला की बोटभर खाली जायची. अर्धा इंच वरखाली असलेली लिफ्ट मी बंद करून ठेवत असे, लोकांनी कितीही आरडाओरडा केला तरी. घरच्या गाडीत मात्र त्या जागेवर जाड पायपुसणं टाकलं आणि म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. त्या दिवशी तिचा पाय त्यात रुतला आणि ती दोन्ही पायऱ्यांवरून खाली सिमेंटवर पडली. डोक्याला मार बसल्याने तिला काही आठवत नाही. अॅम्ब्युलन्स यायच्या आधी मी आत जाऊन ते पायपुसणं सरळ केलं. बायको बाहेर विव्हळत होती आणि मी पायपुसणं सरळ करत होतो. दवाखान्यात विचारलं, कशा पडल्या, तर तोंडातून निघून गेलं, चक्कर आली असावी. मग ते सगळ्यांनी धरलं. तिनेही.

वाटलं होतं, नवी जमीन घातली की ती येईल आणि मला काही बोलावंच लागणार नाही. जमीन काल पुरी झाली. वर उड्या मारून पाहिल्या, हूं की चूं नाही. पण ती आली नाही, आणि येणारही नाही, कारण तिच्या लेखी दोष तिच्या पायांत आहे. तो तिथे नाही हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं, आता तुला. या रविवारी बाळाला घेऊन ये. तिला सांगण्याचं काम मी तुझ्यावर टाकत नाही, मीच सांगेन. चार वेळा तोंड उघडून मी चहा टाकू का असं विचारलंय, म्हणून समोर तू हवीस. तू आलेली असलीस की मला माघार घेता येणार नाही. माझ्यावर काय चिडायचं ते नंतर चीड, त्या दिवशी तिच्याजवळ बस. ती फार रागावेल. रागाच्या भरात उठून, मला तिथेच टाकून, कशालाही न धरता खोलीबाहेर चालत गेली, तर तिला अडवू नकोस. जाऊ दे.

तुझाच, अजून तुला हवा असलो तर,
बाबा