मागच्या दारातला प्रेस

२५ नोव्हेंबर २०१८

कर्रर्र — कर्रर्र — आणि मग थप्प!

आज पहाटे तोच आवाज कानात घेऊन जागा झालो. डहाणूरोड स्टेशनामागच्या वखारीतला गवताचा प्रेस! सागाचे चार खांब, मधे लोखंडी मळसूत्र, त्याला आडवे दांडे, आणि ते दांडे छातीनं रेटत गोल गोल फिरणारी माणसं. पेटीतलं गवत दबून दबून एवढंसं व्हायचं. मग तारेनं बांधलेली गासडी खाली यायची — थप्प. वडील तिथे मुकादम होते. मी शाळेतून येऊन गासड्यांवर बसायचो आणि त्या कर्रर्रच्या ठेक्यावर चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणायचो. एक अक्षर चुकायचं नाही!

प्रभाला हलवून सांगितलं. ती आधीच उठून बसली होती.

"अहो, प्रेस कसला? मांडणीवरची भांडी वाजली. जमीन हलली पुन्हा. उठा, बाहेर चला!"

बाहेर अंगणात थंडीत उभे राहिलो. तिचं तोंड भीतीनं एवढंसं झालेलं. माझ्या डोक्यात मात्र ठेका चालूच.

२ डिसेंबर

त्या प्रेसची छोटी प्रतिकृती करायला घेतलीय. तिच्या मळसूत्राचे आटे पाडायला उंबरगावच्या लेथवाल्याकडे गेलो. "शुं दबाववानुं छे, काका? चिकू?" म्हणे. दाबायचंय काय, चिकू का! त्याला नकाशा दाखवला. माझ्याच हातचा, आठवणीतून काढलेला. फुटाला दोन इंच हे प्रमाण. खरा प्रेस केव्हाच भंगारात गेला, वखार गेली, साधा एक फोटो नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात इतकी वर्षं नोकरी केली, हजारो गासड्या डब्यात चढताना पाहिल्या — पण कुणालाच फोटो काढावासा वाटला नाही. मलाही नाही! आता तो माझ्या डोक्यात आहे तेवढाच. आणि डोक्याचा काय भरवसा? परवा धाकट्या मावशीचं नाव आठवेना.

८ डिसेंबर

रोज हलतंय. कधी दोनदा, कधी चारदा. लिहायचाही कंटाळा येतो.

१६ डिसेंबर

शाळेच्या पटांगणात तहसीलची माणसं आली होती. धक्का बसला की मोकळ्यावर पळा. पळता आलं नाही तर दाराच्या चौकटीखाली उभे राहा, चौकट सहसा पडत नाही. सगळ्यांकडून करून घेतलं. प्रभाला गुडघ्यामुळे धावता येत नाही, तिनं दोनदा विचारून घेतलं.

घरी येताना मनात आलं, आपल्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची चौकट जुन्या सागाची, चांगली जाडजूड. दुपारी अर्धवट प्रेस तिथे नेऊन ठेवला, धक्क्यात मोडायला नको. बरोब्बर बसला! जसा काही त्या मापानंच बांधला होता. तळाची फळी जमिनीत खिळ्यांनी पक्की केली.

प्रभा बघत राहिली. "आणि मी कुठे उभी राहू?"

"तू पुढच्या दारात. तिकडेही चौकट आहेच की!"

तिनं भाताखालचा गॅस बारीक केला.

९ जानेवारी २०१९

शेजारची हिरी तिच्या माणसांसकट शेतात ताडपत्री बांधून निजते. काल प्रभालाही घेऊन गेली. मला हाक मारली नाही. कुंपणावरून ऐकू आलं, "काकू, तुमी चला. काकांना ऱ्हाऊ द्या त्या खेळण्याला कवळून!" आणि दोघी हसल्या. प्रभा कितीतरी दिवसांनी हसली.

मला राग आला. खेळणं!

२७ जानेवारी

प्रभा — "मागचं दार मला मोकळं करून द्या."

मी — "वरची तुळई चिकटवलीय. सुकू दे. आठ दिवस."

प्रभा — "भूकंपाला सांगून ठेवा मग, आठ दिवस थांब म्हणून."

१ फेब्रुवारी

सकाळपासून धक्क्यांवर धक्के. दुपारचा सगळ्यात मोठा. मी अंगणात होतो. प्रभा आत, चहा टाकत होती. सवयीनं मागच्या दाराकडे वळली. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. दारात प्रेस. ती त्याच्या खांबाला धरून पलीकडे पाय टाकायला लागली.

मी ओरडलो — "खांबाला धरू नकोस! सरस ओला आहे!"

तिनं हात काढला. माझ्याकडे पाहिलं. उभी राहिली. आणि वरून कौलं आली.

प्रेसला काही झालं नाही.

४ फेब्रुवारी

वापीच्या हॉस्पिटलात. खांद्याचं हाड मोडलंय, डोक्याला टाके. वाचली. मी खुर्चीवर बसलो तशी तिनं मान भिंतीकडे केली. चांगल्या हातानं पांघरूण वर ओढलं. बोलू काय? चौथीच्या सगळ्या कविता पाठ, आणि तिच्याशी बोलायला एक वाक्य सापडेना.

बाहेर दीप्ती म्हणाली, "बाबा, उद्या नका येऊ." आमची पोरगी वापीतच राहते, हॉस्पिटलापासून दोन गल्ल्या सोडून.

"का गं?"

"नका येऊ. मी सांगेन कधी ते."

१० फेब्रुवारी

मळसूत्र आलं. पितळी, सुरेख. बसवलं. दांडे फिरवले. पेटीतली फळी खाली गेली, वर आली. आवाज मात्र नाही. तेल पुसून पुन्हा फिरवलं. काहीच नाही.

सरकारी तंबू आलेत. हिरीच्या घरच्यांना मिळाला. ती भाकरी आणते, ओट्यावर ठेवते, तशीच मागे फिरते.

२३ फेब्रुवारी

दीप्तीचा फोन! "सोमवारी सोडतायत आईला." पुढं काही विचारायच्या आत ठेवला.

प्रेस काढायला घेतला. निघेना. मीच खिळे असे ठोकलेले! शेवटी करवत घेतली. चारही खांब बुडातून कापले. हिरीचा नवरा शुक्रा हाताशी होता. "कापून टाकता, काका? येवढा बनवला तो?" म्हटलं, तू फक्त धर. सायंकाळपर्यंत मागचं दार सताड उघडं झालं. कौलं नवी घातली. खाट दाराजवळ लावली, उजेड येतो तिथे.

तुकडे परसात टाकले. वाईट वाटलं का? वाटलं. पण प्रभाचा विचार जास्त येत होता. ती दार बघेल. नुसती बघेल. मग कधीतरी चहा मागेन तेव्हा टोमणा मारेल. तेवढं पुरे मला.

२५ फेब्रुवारी

अकराला गाडी थांबली. धावत दार उघडलं. समोर श्यामकांत! प्रभाचा धाकटा भाऊ, नागपूरचा. सात-आठ वर्षांत या घरी फिरकला नव्हता. हातात दोन रिकाम्या बॅगा.

"भाऊजी, ताईच्या साड्या द्या."

"कुठल्या?"

"सगळ्या. ती गाडीत बसलीय. उतरणार नाही म्हणते."