कलम चौदा आणि माझी देहबोली

६ जानेवारी
हेड-लीगलची खुर्ची अखेर रिकामी झाली. अंबडच्या या इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत माझ्याइतके करार कोणी वाचलेले नाहीत. सुयश सर (एमडी, वय चौतीस, कायद्याचं ज्ञान शून्य) म्हणाले, पगारे, चाकणच्या कंपनीला पॅनेल पुरवायच्या करारावर बोर्डापुढे प्रेझेंटेशन द्या, मग हेडचं ठरवू. म्हणजे ठरलंच आहे, जाहीर व्हायचं बाकी आहे.
वर सूचना अशी की त्याआधी कम्युनिकेशनचं ट्रेनिंग करून घ्या, तुमच्या मेल्स कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. हा वाचणाऱ्यांचा दोष. तरी जाईन. ज्युनिअर लोकांपुढे उदाहरण हवं.

९ जानेवारी
गंगापूर रोडच्या हॉटेलात ट्रेनिंग. विषय: कंपनीतल्या वकिलांसाठी संवाद आणि सादरीकरण. शिकवणारी मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची, पायात स्पोर्ट्स शूज. म्हणाली, धंदा करणारे लोक लीगलला 'नाही म्हणणारं खातं' समजतात. हे पटलं. उपाय: हसा. मान हलवा. हात उघडे ठेवा. नकाराने सुरुवात करू नका. पुढे आणखी काहीतरी होतं, आधी उत्तर मग कारण, असं काहीसं. तेव्हा पनीर टिक्का आला होता.
नाझिया (माझी ज्युनिअर, इथल्याच वडाळागावाहून स्कूटीवर येते) पूर्ण वेळ नोट्स घेत होती. नवीन माणसाला लागतात.

१४ जानेवारी
चाकणचा करार वाचून संपवला. कलम चौदा घातक आहे. माल उशिरा गेला तर रोजचा दंड, शिवाय त्यांची उत्पादनाची लाइन बंद पडली तर तेही नुकसान आपल्या डोक्यावर. वरची मर्यादा कुठेच नाही. कंपनी बसेल.
एकोणीस पानांची टिपणी लिहिली. नाझिया म्हणाली, सर, पहिल्या स्लाइडवर एकच वाक्य टाका, कलम चौदा बदलल्याशिवाय सही नको. तिला समजावलं की मुरलेला वकील असं उघडं बोलत नाही. उद्या उलटं झालं तर सुटायला जागा हवी. ती म्हणाली, सर, मग आपण पगार कशाचा घेतो?
पिढीचा प्रश्न आहे.

२० जानेवारी, सकाळी ६
आरशासमोर सराव. हसू जमलं. हात अजून वकिलाचेच वाटतात, उघडले की काहीतरी मागतोय असं दिसतं.
संजना डबा भरत होती. म्हणाली, ट्रेनिंगचा घरी काही उपयोग होईल का? तुम्हाला चहा हवा का विचारलं तर हो-नाही येत नाही, परिस्थिती येते.
बायकोने चेष्टा करायची, हे चालायचंच. संकल्प: रोज अर्धा तास आरसा.

२१ जानेवारी
सर्दी. आरसा उद्यापासून.

२७ जानेवारी
एकेचाळीस स्लाइड्स तयार. मागे गोदाघाटाचा फोटो. कलम चौदा आधी तिसऱ्या स्लाइडवर होतं, पण नकाराने सुरुवात होते म्हणून अडतिसाव्यावर नेलं. तिथे ते गोल फिरत येतं. परिणाम जबरदस्त.
नाझियाने पाहिलं, अडतिसाव्या स्लाइडचा आकडा दोनदा वाचला. प्रभावित झाली असावी.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
बोर्ड झालं. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण.
वीस मिनिटं होती. कंपनीची पार्श्वभूमी, करारकायद्याचा इतिहास, व्याख्या, सगळं रीतसर घेतलं. बाराव्या स्लाइडला लताबाई (सुयश सरांच्या आई, चेअरमन, माहेर सायखेड्याचं) म्हणाल्या, पगारे, सही करायची का नाय, एवढंच सांगा. मी हसलो. हात उघडले. मान हलवली. म्हटलं, मॅडम, आपण सोल्युशनच्या दिशेने पाहतो आहोत. त्यांनीही मान हलवली. यालाच कनेक्ट म्हणतात.
बाविसाव्या स्लाइडला वेळ संपली. सर म्हणाले, थँक्यू, बाकीचं मेल करा. लगेच केलं.
जिन्यात नाझियाने विचारलं, सर, कलम चौदा बोललात ना? म्हटलं, डेकमध्ये आहे, अडतिसावी स्लाइड. म्हणाली, मी वर जाऊन सांगून येऊ? मनाई केली. साधलेला परिणाम पुसायचा नसतो.

५ फेब्रुवारी
सरांनी करारावर सही केली. सभेचं इतिवृत्त तपासायला माझ्याकडे आलं. त्यात नोंद: 'लीगलची हरकत नाही.' दोन स्वल्पविराम सुधारले आणि परत पाठवलं. इतक्या वर्षांत इतिवृत्तात लीगलचं नाव पहिल्यांदा आलं. नाझिया तेव्हापासून डबा खायला कँटीनच्या दुसऱ्या टोकाला बसते. जळते.

११ मार्च
हेडचं अजून जाहीर नाही. मार्च एंडची गडबड असेल.

१५ एप्रिल
अजून नाही. आधी अपेक्षा वाढू द्यायची, मग जाहीर करायचं, अशी सरांची पद्धत असेल.

१९ मे
पॅनेलमध्ये बसवायचे परदेशी ब्रेकर्स बंदरात अडकले. माल वेळेत गेला नाही. चाकणची लाइन बंद पडली. कलम चौदाखाली नोटीस आली.
सरांनी बोलावलं. म्हणाले, हे तुम्ही सांगितलं का नाही? म्हटलं, अडतिसावी स्लाइड. ते म्हणाले, आपण बाविसाव्यावर थांबलो होतो. म्हटलं, मेलला जोडली होती. ते म्हणाले, पगारे, घराला आग लागली तर तुम्ही घरच्यांना अटॅचमेंट पाठवाल का?
लताबाई शेजारी होत्या. म्हणाल्या, मी तोंडावर विचारलं व्हतं. तुम्ही तं मान हलवली.
देहबोली वाचण्याचं ट्रेनिंग मॅनेजमेंटलाही द्यायला हवं. तसा प्रस्ताव करीन.

२६ मे
खर्चकपात म्हणून रात्रपाळी बंद. कंत्राटी पोरं घरी. गेटवर महेबूबभाईंनी (वॉचमन) गाडी थांबवली. त्यांचा मुलगा शोएब रात्रपाळीला होता. विचारलं, साहेब, परत घेतील का त्याला? म्हटलं, ते अनेक बाबींवर अवलंबून आहे, आत्ताच निश्चित काही म्हणणं उचित होणार नाही. ते म्हणाले, मतलब, नाय. आणि गेटची दांडी वर केली.
मी तसं म्हटलं नव्हतं.
म्हटलं होतं का?

१२ जून, रात्री
चाकणला तडजोडीची बैठक. सर, नाझिया, मी. जाताना गाडीत सिन्नरच्या पुढे सर म्हणाले, पगारे, तुम्ही फाइल धरा. आज बोलायचं नाही. मान पण हलवायची नाही.
टेबलापलीकडच्या लोकांना नाझियाने कार्ड दिलं. मी उलटं वाचलं. नाझिया शेख, हेड-लीगल. कार्ड नवं होतं, कोपरे अजून टोकदार. मला कोणी सांगितलं नव्हतं. मेल आली असेल, मी शेवटपर्यंत वाचली नसेन.
ती म्हणाली, उशीर आमच्याकडून झाला. एवढी रक्कम आम्ही भरू शकत नाही. भरायला लावलीत तर आम्ही बंद पडू आणि उरलेले पॅनेल्स तुम्हाला कोणाकडूनच वेळेत मिळणार नाहीत. मर्यादा घाला, आठवड्याला दोन गाड्या पाठवतो.
एवढं बोलून गप्प बसली. हसली नाही. हात मांडीवर. पलीकडचे लोक आपापसांत कुजबुजले, बाहेर जाऊन फोन करून आले. दुपारी मर्यादा ठरली. रात्रपाळी सोमवारपासून सुरू.
परतताना नारायणगावला चहा घेतला. नाझिया घरी फोन करायला बाजूला गेली. सर माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, पगारे, आज तुमची खूप मदत झाली.
असं ते मला पहिल्यांदाच म्हणाले. गाडीत बसल्यावर बैठकीत मी काय काय बोललो ते आठवत राहिलो. संगमनेर गेल्यावर आठवलं.
पाणी मागितलं होतं.