चीनच्या शाळेचं आवार

सर,

आज आठवीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, ती चीनमधली शाळा खरंच आहे का?" हा प्रश्न मी एकदा तुम्हाला विचारला होता. तुम्ही काय उत्तर दिलं होतं ते मला शब्दशः आठवतं, पण ते त्या मुलीला तसंच्या तसं देता येईना. मी दिलं ते उत्तर तुमच्या कानावर घालावं असं दिवसभर वाटत राहिलं. आता शाळा सुटली आहे. पटांगणात दोन मुलं खराटा मारताहेत, त्याचा आवाज इथपर्यंत येतो आहे.

तो फोटो तुम्ही सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडून आणला होता. जाड, गुळगुळीत कागदाच्या मासिकातलं एक पान. पुठ्ठ्यावर चिकटवून तुम्ही तो आमच्या वर्गात फळ्याच्या डाव्या हाताला टांगला होता. आमची शाळा तेव्हा कापसाच्या जिनिंगच्या जुन्या गोदामात भरायची. वर्गांमधल्या आडभिंती डोक्याएवढ्याच, वर सगळं एकच छप्पर. एका वर्गातलं व्याकरण दुसऱ्या वर्गाच्या भूगोलात मिसळायचं आणि कोपऱ्यांतून अजून सरकी निघायची. फोटोत मात्र विटांचं उंच प्रवेशद्वार होतं. त्याच्या आत अर्ध्या चंद्राच्या आकाराचं तळं, तळ्याकाठी पंख्यासारख्या पानांचं मोठं झाड, आणि झाडाखाली हातात लांब झाडू घेतलेली मुलंमुली. ती हसत नव्हती. कामात होती.

तुम्ही त्या शाळेचा इतिहास सांगायचात. गावातल्या लोकांनी ती एका जुन्या देवळाच्या ओसरीत सुरू केली. मग लढाई आली, शाळा जळाली. मास्तर आणि मुलं पुस्तकं पाठीवर बांधून डोंगरात निघून गेली. तिथं गुहेत वर्ग भरले, दगडावर कोळशानं गणितं झाली. परत आले तेव्हा फक्त ते झाड उभं होतं. मग प्रत्येक मुलानं येताना एकेक वीट आणली. तुम्ही हे सांगत असताना पलीकडच्या वर्गातले मास्तरही बोलायचे थांबत. शेवटी तुम्ही म्हणायचात, "आपल्याही शाळेला इतिहास आहे. तो अजून घडायचा आहे, एवढंच."

तळं तुम्ही खरोखरच खणायला लावलंत. आमच्याकडची काळी माती काय करते हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत होतं, पण तुम्ही पडलात कोकणातले. पावसाळ्यात अर्धा चंद्र भरला. तुम्ही काठावर उभे राहून आमच्याकडे असे पाहत होतात की कोणाला काही बोलवेना. होळीपर्यंत तळाला भेगा पडल्या, हात जाईल एवढ्या. सकाळच्या शाळेचे दिवस आले तेव्हा त्यात चेंडू पडत होते आणि चेंडूमागून मुलं.

झाडूचंही तुम्ही त्याच सुमाराला सुरू केलंत. रोज एका मुलाची किंवा मुलीची पाळी. सोमवारी तुमची. तुम्हाला झाडता येत नव्हतं सर. तुम्ही वाऱ्याच्या तोंडावर झाडायचात आणि सगळी धूळ तुमच्याच चष्म्यावर यायची. शिपाई दाराआड जाऊन हसायचा.

माझी पाळी शनिवारी आली. रविवारी संध्याकाळी मी घरी स्वतःहून सांगितलं. चुलीजवळ बसून आम्ही जेवत होतो. बा मिलमधल्या रात्रपाळीला निघायचा होता. मी म्हटलं, "बा, काल वर्गात माही पाळी होती."

"काहाची पाळी?"

"झाडाची."

त्याचा हात ताटातच थांबला. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झाडाची म्हणजे झाडायची हे त्याला कळलं नाही, म्हणून मी हातानं करून दाखवलं. बा उठला, हात धुतला, आणि उरलेली भाकरी तशीच ठेवून मिलमध्ये गेला. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "उद्यापासून आईसंगं बिड्या वळ वं पोरी. साळा झाली."

आमच्या घरात झाडूचा अर्थ काय होता ते तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, मलाही अर्धंच ठाऊक होतं. माझा आजा गावाची चावडी झाडायचा. धम्मदीक्षेच्या दिवशी बानं आजाच्या घरातली ती केरसुणी स्वतःच्या हातानं जाळली होती. मला शाळेत घालणं हा त्या जाळण्याचाच पुढचा भाग होता.

सकाळी रात्रपाळी करून तो घरी न येता थेट शाळेत गेला. घरावरून जाताना तो दिसला तशी मी त्याच्या मागे धावत आले होते, पाटी-दप्तर न घेता. सोमवार होता. तुम्ही पटांगण झाडत होतात, केसांवर धूळ. आणि कडुनिंबाखाली एक गृहस्थ आधीच उभे होते, महाल भागातल्या कापडदुकानाचे मालक, सेठ, शाळेच्या समितीवरचे. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता आणि त्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती.

"सर, पोराले शिकाले पाठवलं, झाडाले नाही," ते म्हणत होते. "घरी त्याची माय त्याले पान्याचा गिलास उचलू देत नाही."

बानं ते ऐकलं आणि म्हणाला, "गुर्जी, मले बी हेच म्हनाचं आहे."

तुम्ही दोघांकडे पाहिलंत. शिपायाला वर्गातलं एक बाक बाहेर आणायला सांगितलंत. दोन मुलांचं बाक. एका टोकाला सेठ, दुसऱ्या टोकाला बा, मधे जागा. मी निंबाच्या खोडामागे. मला आजही ते बाक दिसतं, आणि बाच्या सदऱ्यावर चिकटलेला कापूस दिसतो.

तुम्ही म्हणालात, "दोघांची तक्रार एकच आहे. ठीक. मी दोन्ही मुलांना सोडतो. मग झाडायचं कोणी, ते तुम्ही दोघं मिळून सांगा."

"ज्याचं काम आहे त्यानं कराव," सेठ म्हणाले.

"कोणाचं आहे?"

सेठ बाकड्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहायला लागले आणि मधेच थांबले. मग स्वतःच्या वहाणांकडे पाहू लागले.

बा म्हणाला, "बोला ना सेठ. माह्याकडं पाहून काहून थांबले?"

"मी तुमाले नाही म्हनलं गा."

"म्हनता म्हनता थांबले."

गोदामात पाढे चालले होते. मला वाटलं, आता बा उठेल, माझा हात धरेल, आणि मी परत या झाडाखाली येणार नाही. मी खोडाची साल नखानं काढत होते. बा उठला खरा. पण तुमच्याकडे वळून म्हणाला, "गुर्जी, माही पोरगी झाडीन. पन एकटी नाही. यायच्या पोरासंगं. एकाच दिवशी, एकाच खोलीत. तो झाडू धरन, ही सुपली धरन. दुसऱ्या खेपेले ही झाडू, तो सुपली. असं असन तं पोरगी साळंत राहीन."

"आन् मी नाही म्हनलं तं?" सेठ म्हणाले.

"तं मी माहीले नेतो, तुमी तुमच्याले न्या. गुर्जी एकटेच झाडत बसतीन. पाहिलं ना त्यायचं झाडनं?"

सेठनी तुमच्या चष्म्याकडे पाहिलं. आधी तेच हसले. मग बा. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि तुम्हालाही हसू आवरलं नाही. त्या दिवसापासून पाळी एकट्याची राहिली नाही, जोडीची झाली, आणि जोडी लावताना तुम्ही मुद्दाम लांबलांबच्या गल्ल्यांतली मुलं एकत्र आणायचात. सेठच्या मुलानं पहिल्या दिवशी झाडू क्रिकेटच्या बॅटीसारखा धरला. मी म्हटलं, "असा नाही रे, येड्या." त्यानं माझ्या वेणीवर कचरा उडवला. आता दुकानात तोच बसतो. मी पातळ घ्यायला गेले की नोकराला ओरडून सांगतो, "चांगलं दाखव, माह्या जोडीच्या मॅडम आहेत." त्याच्या बायकोनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती गल्ल्यापाशी जे पाहत राहिली, ते तुम्ही पाहायला हवं होतं.

माझ्या पाळीच्या दिवशी बा रात्रपाळीवरून यायचा आणि निंबाखाली उकिडवा बसायचा. आत कधी आला नाही. दारातून वर्ग दिसायचा तेवढा पाहायचा. कोणाच्या हातात झाडू, कोणाच्या हातात सुपली. केर भरून झाला की उठायचा आणि झोपायला घरी जायचा.

मग चीनशी लढाई सुरू झाली. तुम्हाला रस्त्यात पोरं "चिनी सर" म्हणून हाक मारू लागली. आम्ही जवानांसाठी मोजे विणत होतो आणि तो फोटो आमच्या समोर होता. एका सकाळी तुम्ही तो स्वतःच उतरवलात, वर्तमानपत्रात गुंडाळलात आणि कपाटात ठेवलात. भिंतीवर चुन्याचा एक पांढरा चौकोन राहिला. पण लोकांचं तेवढ्यानं भागलं नाही. समितीची बैठक आमच्या शेजारच्या वर्गात भरली, आणि त्या छपराखाली काहीच लपत नव्हतं. कोणीतरी म्हणालं, "फोटो काढला, चाल कुठं काढली? पोरं अजून झाडूनच राहिली. हे चीनचं खूळ बंद करा." तुमचा आवाज आला नाही. तुम्ही खोटं बोलू शकत नव्हतात, कारण ते खूळ तिथूनच आलं होतं. आमच्या वर्गात सगळ्यांच्या सुया थांबल्या. झाडू गेला असता तर जोडी गेली असती, आणि जोडीवाचून बानं मला शाळेत ठेवलं नसतं. त्याचा शब्द तसाच होता.

तेव्हा सेठचा आवाज आला. "झाडू चीनचा असन. जोडी चीनची नाही. ते त्या मिलवाल्यानं लावली, त्या निंबाखाली. मी बाकावर बसलो होतो. बंद कराचं असन तं त्याले बोलवा आन् त्याले सांगा."

कोणी बोलावलं नाही.

मॅट्रिकच्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, "सर, ते सगळं फोटोखाली लिहिलं होतं?" तुम्ही म्हणालात, "फोटोखाली दोनच ओळी होत्या. शाळेचं नाव, आणि विद्यार्थी आपलं आवार आपण झाडतात, एवढं."

"मग गुहा? विटा?"

"तसंच असणार. शाळा दुसरी कशी होते?"

मला राग आला होता. पुढे मी मास्तरीण झाले, मग याच शाळेत आले, आणि तो राग कधी गेला ते कळलं नाही. तुम्ही वारलात तेव्हा मी अमरावतीला ट्रेनिंगला होते. परतले तेव्हा कपाट उघडलं तर फोटोची वाळवीनं माती केली होती. गोदाम आता पाडलं आहे, सिमेंटचे वर्ग आहेत, आडभिंती छतापर्यंत गेल्या आहेत. तुमचं तळं मात्र आहे. आम्ही त्याच्या उतारावर फरशीच्या पायऱ्या बसवल्या. सकाळची प्रार्थना तिथंच होते. अर्ध्या चंद्रात सगळी शाळा बसते आणि बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत जातो. नवे मास्तर विचारतात, कुठल्या इंजिनियरनं आखलं.

आज विचारलं ती मुलगी वाडीच्या एका ट्रकड्रायव्हरची आहे. तिच्या घरून कालच निरोप आला होता, पोरीले झाडाले लावू नका. उद्या तिचे वडील गाडी घेऊन परततील तेव्हा येणार आहेत. मी बाक बाहेर काढून ठेवायला सांगितलं आहे. तिच्या जोडीच्या मुलाच्या आईलाही बोलावलं आहे, कारण तिचीही तक्रार आहे. मला भीती वाटत नाही.

हा कागद तुमच्या त्या कपाटात ठेवते. वाळवीला वाचायचा असेल तर वाचू दे.

मी मुलीला सांगितलं, "आहे ती शाळा." मग तिला सगळं सांगितलं. प्रवेशद्वार, तळं, गुहा, विटा, पंख्यासारख्या पानांचं झाड. तिनं विचारलं, "झाडाखाली कोण बसते?" हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, एक माणूस बसतो, उकिडवा, रात्रपाळी करून आलेला, सदऱ्यावर कापूस. केर भरून होईपर्यंत तो उठत नाही.