काचेच्या दारातल्या चपला

बदनापूर, मंगळवार, १२ मे १९९८

नात वैशालीच्या लग्नाचा शालू बघायला औरंगाबादेत दिवसभर पायी हिंडलो. काय ती काचेची दुकानं! मी मात्र दर दारात चपला काढून राह्यले. जन्मभर पांढऱ्या गादीवर बसूनच कापड बघितलं. जित्याची खोड, जाते का?

"आज्जी, घाल गं चपला! लोक हसून राह्यले," वैशाली चिडली. घातल्या. पण मन लागंना. पोरीला माझी लाज वाटली का?

शेवटच्या दुकानात तिच्या अंगावर शालू टाकला. काठ खाली लोळून तिच्या सँडलला लागला. तिनं खाली पाहिलं, गुपचूप सँडल काढून बाजूला सारले. शालूसाठी काढले, का माझ्यासाठी? मंग तीच माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "काढ गं, तूबी काढ."