फोटोत काही नव्हतं, अक्का

लातूर
मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रिय अक्का,

माफ कर. तू जाऊन तीन वर्षं झाली आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. रोज डायरी लिहिणारा माणूस मी. नळ गळला तरी त्याची नोंद ठेवतो, आणि तुझ्याबद्दल लिहायची वेळ आली की पान उलटतो. आज उलटता येत नाही. दुपारी शिरूर अनंतपाळहून तुझ्या पल्लवीचा फोन आला.

"मामा, लई दुखून राहिलं. कमरेतून कळ निघती ती पार टाचेपर्यंत. आन् पायाला मुंग्या. उद्या येऊ का?"

"ये की. डॉक्टरला दाखवलंस का?"

"दाखवलं. ते एमआरआय काढा म्हणले. मी न्हाई काढणार. तुम्ही एकदा लाथ मारा, बस्स. आईला मारायचे न् लहानपणी, तशी."

ग्रंथालयात पुस्तकांच्या परतीच्या नोंदी करत होतो. फोन ठेवल्यावर एकाच पुस्तकाची परत दोनदा नोंदवली. अक्का, तुझ्या लेकीनं माझ्याकडे काय मागितलं, तुला कळतंय ना?

मी पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं पाठीत लाथ मारली की भरलेली उसण उतरते, हे आपल्या गल्लीत सगळे धरून चालायचे. पण सगळ्यात जास्त अभिमान तुला! माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी तू. कुणाची पाठ धरली की मला बखोटीला धरून त्यांच्या दारात उभं करायचीस. "आमचा दत्ता पायाळू हाय. हलक्यानं मारतो, भिऊ नका." जशी काही तू डॉक्टर आणि मी तुझ्या पिशवीतलं औषध!

आणि घरी आल्यावर? "पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. तुला म्हणे तुझी चप्पल दिसंना!"

किती हसायचो आपण.

तू मुखेडला शिलाई मशीनवर वाकून वाकून ब्लाऊज शिवायचीस. दाजी गेल्यावर तर दिवसभर तेच. त्यामुळे तुझी कंबर दुखायला लागली तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी तुला फोटो काढायला नेलं. आपल्याकडे एक्स-रेला सगळे फोटोच म्हणतात, आणि आता वाटतं, चूक त्या शब्दापासूनच सुरू झाली. फोटोत जे असतं ते असतं, जे नसतं ते नसतं, असं मी धरून चाललो. डॉक्टर म्हणाले होते, "हाडांची वयोमानाने झीज आहे, बाकी यात काही दिसत नाही. थांबलं नाही तर एमआरआय करू." मी बाहेर येऊन तुला काय सांगितलं? "अक्का, फोटोत काही नाही."

'यात दिसत नाही' आणि 'नाही'. दोन्हींतला फरक मला कळू नये? एम.ए. झालेल्या माणसाला?

तू पंधरा दिवस थांबलीस. मग एका सकाळी मी आलो तेव्हा उंबऱ्यावर हात टेकून पाठमोरी उभी राहिलीस.

"फोटोत काही न्हाई म्हणतोस न्? मग उसणच हाय. मार लाथ."

"अक्का, आता हे काय वय आहे का?"

"वय तुझं झालं का तुझ्या पायाचं?"

माझा लाथेवर विश्वास नव्हता. हेच मला जास्त टोचतं. विश्वास असता तर निदान भीतभीत मारली असती. मला वाटलं, हाडं शाबूत आहेत, कागद खिशात आहे, अक्काच्या मनाला बरं वाटेल. पहिल्या दोन वेळा नुसता पाय लावला.

तू म्हणालीस, "अरे मुंगी मारून राहिला का? जोर लाव की!"

तिसऱ्यांदा मी जोर लावला.

काही तरी बारीक वाजलं. तुला ऐकू आलं होतं का, अक्का? तू क्षणभर तशीच थांबलीस, मग वळलीस आणि म्हणालीस, "हाव. आता लागली बरोबर." मी तुझ्या पाया पडलो, मोठीला पाय लावला म्हणून. तू चहा ठेवलास. त्या दिवसाच्या डायरीत लिहिलंय: 'मुखेडला जाऊन आलो. अक्का ठीक.' ती ओळ अजून तशीच आहे.

पाचव्या दिवशी तुझे पाय जड झाले. नांदेडला एमआरआयला नेलं तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून तू चालत आत गेलीस. तुझ्या पदराला टोचलेल्या टाचण्या त्या सेंटरमधल्या यास्मिननं एकेक करून काढल्या. "खाला, ये मशीन लोहचुंबक आहे, एक बी टाचणी राहू द्यायची नाही." तू म्हणालीस, "मग मला जरा धरून ठेव माय, माझ्या अंगात टाचण्याच जास्त हायत." ती हसली. मीही हसलो. बाहेर बाकावर पल्लवी बसली होती.

पाऊण तासानं तू टेबलावरून उतरायला गेलीस आणि पाय टेकलेच नाहीत. तुला चाकाच्या खुर्चीवर बाहेर आणलं. पल्लवीनं काय पाहिलं? आई चालत आत गेली आणि खुर्चीवर बाहेर आली. एवढंच.

संध्याकाळी डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. मणक्यात कॅन्सरची गाठ उतरली होती, दुसरीकडून आलेली. मणका आतून पोखरलेला, आणि आता दबून नसांवर बसलेला. "साध्या एक्स-रेमध्ये हे सुरुवातीला दिसत नाही," ते म्हणाले. "पण हा दाब अलीकडचा वाटतो. पडल्या होत्या का? काही मार लागला होता?"

पल्लवी औषधांच्या दुकानात गेली होती. खोलीत आपण दोघंच. तू माझ्याकडे पाहिलंस. मग डॉक्टरांकडे पाहून म्हणालीस, "न्हाई. कुठं पडले न्हाई."

आणि मी गप्प बसलो.

का गं असं केलंस? मला वाचवायला? मी मागितलं होतं का? नंतर दवाखान्याच्या खाटेवर माझं मनगट धरून म्हणालीस, "पल्लवीला सांगू नको. गाठ काय तुझ्या पायातून आली व्हय?" नाही आली. हे मीही स्वतःला हजारदा सांगितलंय. गाठ माझी नव्हती. त्या गाठीनं तू गेलीसच असतीस. पण खाटेवरचे ते शेवटचे पाच महिने, अक्का? ते तू चालत काढले असतेस का? मशीनचं पायडल मारत? ऑपरेशननंतरही पाय परत आले नाहीत. मणका कशानं दबला हे डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी काही वेगळं केलं असतं का? कदाचित काहीच नाही. मला ते माहीत नाही, आणि विचारायची हिंमत तीन वर्षांत झाली नाही. तुझ्या फिल्मचा लिफाफा कपाटावर आहे. मी त्या बाजूला पाहत नाही.

आज पल्लवीला मी फोनवरच विचारलं, "एमआरआयला का नाही म्हणतेस? त्यात नुसतं पडून राहायचं असतं."

ती एकदम रडायला लागली. "त्या बोगद्यात आई चालत गेली मामा. तिचे पाय तिथंच राहिले. मी डोळ्यांनी पाहिलंय. मला दोन लेकरं हायत. मी न्हाई जाणार."

ऐकलंस? तीन वर्षं तुझी पोर त्या मशीनला भिऊन आहे. ते तुझे पाय घेऊन गेलं असं तिला वाटतं, कारण खरं काय झालं ते तुला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हतं. तू मला वाचवलंस, मी गप्प राहिलो, आणि त्याची किंमत आता तिच्या पाठीनं द्यायची? कळ, मुंग्या, टाचेपर्यंत! ती माझ्यासमोर उंबऱ्याला हात टेकून पाठमोरी उभी राहील, हे दुपारपासून डोळ्यांपुढून हलत नाही.

मला भीती वाटते, अक्का. तिच्या फिल्ममध्ये काय निघेल याची. साधी सरकलेली चकती असेल, व्यायामानं, औषधानं बरी होणारी. बहुतेकांचं तेच असतं म्हणतात. पण तुझ्याबद्दलही मी असंच म्हणत होतो. आणि दुसरी भीती सांगायला लाज वाटते: ती माझं तोंड पाहील का? तिला माहेर म्हणून आता माझंच घर आहे.

तुझी आज्ञा मोडतोय. रागाव. तिकडून ओरड, "दत्त्या, तोंड बंद ठेव!" मी ऐकणार नाही. तुझ्या लेकीच्या पाठीला माझा पाय लागणार नाही, आणि तू जी गोष्ट माझ्यासाठी लपवलीस ती तिच्यापासून लपलेली राहणार नाही. तिनं मला शिव्या दिल्या तर खाईन. दार लावून घेतलं तर दाराबाहेर थांबेन. पण ती त्या मशीनमध्ये जाईल, आणि डॉक्टर विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर या वेळी मी देईन. एवढं वचन घे.

तुझा,
दत्ता

उद्याचं काम: सकाळी स्टँडवर पल्लवी उतरली की, रिक्षा करायच्या आधी, तिला सांगणे.